माणसं अडलेली नाहीत, तू अडवली आहेस

तुझ्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला. सभासद म्हणून तो मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. 'मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे मनोगत' या मथळ्याखाली तू लिहिलं आहेस की कर्मचारी आणि दैनंदिन ठेव प्रतिनिधी यांच्या बदलविरोधी मानसिकतेमुळे नवी मोबाइल प्रणाली अपेक्षेप्रमाणे राबवता आली नाही. हे छापलंस, खाली सही केलीस आणि प्रत्येक सभासदाच्या घरी पाठवून दिलंस. ज्यांच्या पायपिटीवर तुझी संस्था उभी आहे त्यांच्या माथी खापर फोडलंस आणि त्यांना उत्तर द्यायला एक ओळसुद्धा ठेवली नाहीस.

आता ऐक. मधे बोलू नकोस.

तुझ्या त्या प्रतिनिधींपैकी एक गृहस्थ आमच्याच सोसायटीत राहतात. डोंबिवलीत त्यांना सगळे काकाच म्हणतात. उभं आयुष्य पिग्मी, म्हणजे रोजच्या ठेवी, गोळा करण्यात गेलं. अहवाल वाचून मी त्यांना विचारलं, तर ते गप्प बसले. म्हणून एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर उर्सेकरवाडीच्या बाजारात गेले. तू गेला आहेस का रे? अ‍ॅप सुरू केल्यापासून एकदा तरी?

साडेसहा-सातची वेळ. स्टेशनातून माणसांचा लोंढा बाहेर पडतोय. भाजीवाल्या मावशीच्या एका हातात तराजू, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, समोर चार गिऱ्हाइकं. पूर्वी ती गल्ल्यातली नोट पुढे करायची, काका कार्डावर आकडा टाकून सही करायचे, काम संपलं. आता काकांनी अ‍ॅप उघडायचं, खाते क्रमांक टाकायचा, रक्कम टाकायची, मग मावशीच्या मोबाइलवर ओटीपी जाणार आणि तो तिने वाचून दाखवायचा. मावशीचा मोबाइल तिच्या मुलाकडे असतो. मुलगा अंबरनाथला कामाला. त्याला फोन लावायला तिने काकांचाच मोबाइल मागितला. फोन लागून तो ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. तोवर एक गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या गाडीवर गेलं होतं. मावशी म्हणाली, "काका, तुमच्या मोबाइलच्या नादात माझा धंदा बुडतोय."

तेव्हा काकांनी पिशवीतून जुनी वही काढली. पैसे घेतले, वहीत लिहिलं, मावशीला दाखवलं. रात्री जेवण झाल्यावर एकेका घरी फोन करून, मोबाइल घरी आलाय का विचारून, ओटीपी मागून त्या नोंदी अ‍ॅपमध्ये भरल्या. तुझ्या केबिनमधल्या पडद्यावर त्या रात्री अकराच्या वेळेने दिसतात आणि तू म्हणतोस, या लोकांना शिस्त नाही, हे जुन्या वहीला चिकटून बसलेत.

याला तू मानसिकता म्हणतोस. मी याला नोकरीपलीकडची निष्ठा म्हणते. तुझं अ‍ॅप जिथे बंद पडतं तिथून पुढचं काम हा माणूस आपली झोप मोडून करतो. ते त्याने थांबवलं, तर तुझ्या ठेवी महिन्याभरात खाली येतील.

तुझा हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कार्डावर आकडा एक आणि संस्थेत भरणा दुसरा, असे प्रकार पतपेढ्यांत झाले आहेत आणि गोरगरिबांचे पैसे त्यात बुडाले आहेत. रक्कम घेतल्या क्षणी ठेवीदाराला संदेश गेला पाहिजे, हे बरोबरच आहे. पिग्मीची सगळी इमारतच विश्वासावर उभी आहे. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, ती बँकेच्या पायरीवर कधी न चढणाऱ्या माणसासाठी. त्या विश्वासाला तंत्राचा आधार देणं हे तुझं कर्तव्यच होतं. पण ही गोष्ट तू त्या प्रतिनिधींना कधी सांगितलीस? शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर संदेश आला, 'सोमवारपासून कार्ड बंद, अ‍ॅप अनिवार्य.' कारण नाही, बैठक नाही. त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, आणि तुझ्या जागी मी असते तर मलाही लाज वाटली असती असा तो अर्थ आहे: आयुष्यभर पैसे सांभाळले, आता साहेबांना आम्ही चोर वाटतो.

तू म्हणशील, बाई, तुम्ही एका पतपेढीचं घेऊन बसलात. बरं, मोठं उदाहरण घे, लोकलचं. तूही रोज त्याच मार्गावरून जात होतास.

एसी लोकल ही वाईट गोष्ट आहे का? नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात दारात लटकून माणसं मरतात. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि जिवानिशी गेले. त्यानंतर नव्या सगळ्या उपनगरी गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवायचा निर्णय रेल्वे बोर्डाने जाहीर केला. दार बंद होणारी गाडी इथल्या प्रत्येक आईला हवी आहे. मग ऑगस्ट २०२२ मध्ये याच पट्ट्यातली माणसं एसी लोकलसमोर उभी का राहिली?

त्या वर्षीच्या मे महिन्यात एसी लोकलचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं गेलं. पास मात्र तसाच महाग राहिला. कळवा आणि बदलापूरचा माणूस एकेरी तिकिटावर कामाला जातो का? त्याचा महिना पासावर चालतो. १९ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने एसीच्या दहा फेऱ्या वाढवल्या आणि त्या घातल्या साध्या फेऱ्यांच्या जागी. म्हणजे रोज ज्या गाडीने माणूस जायचा तीच गाडी त्याला परवडेनाशी झाली, आणि मागच्या साध्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी कोंबली गेली. कळव्यात प्रवाशांनी कारशेडमधून निघालेली गाडी अडवली, बदलापुरात स्टेशनवर आंदोलन झालं आणि आठवड्याच्या आत त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हाही 'लोकांना सुधारणा नको असते' असं म्हणणारे भेटले मला. अरे, लोकांना दार हवं होतं. त्यांच्या हातातली गाडी काढून घेतली म्हणून ते रुळांवर उतरले. काय देतोय हे मोजलं गेलं, काय काढून घेतोय हे मोजलंच गेलं नाही. तूही नेमकं हेच केलंस. कार्ड काढून घेताना मावशीचा वेळ, काकांची रात्र आणि दोघांमधला विश्वास काढून घेतोस, हे तुझ्या कोणत्या कागदावर होतं?

तुझ्या डोक्यात काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्या पिढीची सगळी पोरं ठाण्यात टी. चंद्रशेखर यांच्या गोष्टी ऐकत मोठी झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते ठाणे महापालिकेचे आयुक्त होते, रस्ते रुंद केले, बांधकामं पाडली, कुणाचं ऐकलं नाही. ठाण्याचा चेहरा त्यांनी बदलला, हे खरंच आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातून तू धडा काय घेतलास? की साहेब खमका असला की बदल होतो. त्यांच्या हातात महापालिकेचा कायदा होता, पोलीस बंदोबस्त होता, आणि पाडायच्या होत्या त्या भिंती होत्या. भिंत एका रात्रीत पाडता येते. संध्याकाळी सात वाजता बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाताची सवय कोणत्या जेसीबीने पाडणार आहेस? खमकेपणा तुला हवाच असेल, तर तो संचालक मंडळासमोर दाखव. 'अजून तीन महिने लागतील' हे त्यांना ठणकावून सांगायची हिंमत तुझ्यात नव्हती, म्हणून तू खालच्या माणसांवर जोर दाखवलास.

शिकायचंच असेल, तर आधारवाडीकडून शीक. कल्याणच्या खाडीकाठचा तो कचऱ्याचा डोंगर तू लहानपणापासून पाहिला आहेस. त्याची क्षमता कधीच संपली होती. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने, घनकचऱ्याचं नीट व्यवस्थापन होत नाही म्हणून, कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानग्या द्यायलाच मनाई केली. पुढच्या वर्षी ती उठली, डोंगर तिथेच राहिला. मार्च २०१८ मध्ये त्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती आणि कल्याणच्या घराघरांत धूर शिरला. आदेश होते, न्यायालयाचा बडगा होता, लोकांचा संताप होता. कमी होतं ते सकाळी रस्त्यावर उभं राहून रोज करायचं काम.

मे २०२०. टाळेबंदी चालू. अशा वेळी महापालिकेने शून्य कचरा मोहीम हाती घेतली. डॉ. विजय सूर्यवंशी आयुक्त होते आणि घनकचऱ्याचं काम उपायुक्त रामदास कोकरे यांच्याकडे होतं. कोकरे आले होते ते छोट्या गावांत हे काम करून. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी असताना त्यांनी घरोघरी वर्गीकरण करून घेतलं आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी करून दाखवली. म्हणजे जे सांगायचं ते आधी लहान जागी करून पाहिलेलं होतं. तू तुझं अ‍ॅप कुठल्या शाखेत, कुठल्या गल्लीत आधी चालवून पाहिलंस? एका गल्लीत आठ दिवस चालवलं असतंस, तर मावशीचा मोबाइल मुलाकडे असतो हे तुला आठव्या दिवशी कळलं असतं.

मग तिथे काय झालं? ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. मिसळलेला असेल तर गाडी घेणार नाही. कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या हलवल्या. लोक चिडले का? चिडले. कुंडी होती तिथेच पिशव्या टाकून गेले का? गेले. पण ओल्या कचऱ्याला जायला उंबर्डे आणि बारावे इथे जागा उभ्या केल्या जात होत्या, म्हणून वेगळं केलेलं पुढे एकाच गाडीत एकत्र होणार नाही असं लोकांना सांगता येत होतं. बारावेच्या प्रकल्पाला आसपासच्या रहिवाशांचा विरोध होता, त्याला तोंड द्यावं लागलं. मे २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं बंद झालं. न्यायालयाला, सरकारला, नगरसेवकांना वर्षानुवर्षं जे जमलं नाही ते एका वर्षात झालं.

तिथे आता सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कल्याण-डोंबिवलीत कचऱ्याच्या तक्रारी आजही आहेत. अधिकारी बदलतात, ठेकेदार बदलतात, लक्ष जरा ढळलं की पिशव्या पुन्हा कोपऱ्यावर येतात. म्हणून तर तुला सांगते, उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून तुझं काम संपलं नव्हतं. त्या दिवशी ते सुरू झालं होतं, आणि तू त्याच दिवशी पुढच्या प्रकल्पाकडे वळलास.

आणि नवी व्यवस्था येते नि जाते, हे तुझ्या माणसांनी पहिल्यांदा सोसलेलं नाही. आपल्याकडच्या २७ गावांचं बघ. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, २०२० मध्ये त्यातली १८ बाहेर काढायची अधिसूचना, आणि तीही उच्च न्यायालयात टिकली नाही. त्या गावांतल्या माणसाला कुणी येऊन 'आता नवी व्यवस्था' म्हटलं, तर तो मान डोलावेल आणि वाट पाहील. त्याला अडाणी म्हणायचं का? तुझ्या संस्थेत तुझ्या आधीच्या साहेबाने एक प्रणाली आणली होती, ती दीड वर्षात गुंडाळली. त्याच्याही आधी एक होती. काउंटरवरच्या बाई जुनं रजिस्टर कपाटात जपून ठेवतात, ते त्यांना दोनदा उपयोगी पडलं म्हणून. तुझी प्रणाली टिकणार आहे याचा पुरावा त्यांना कुणी दिला?

तुझ्या केबिनमध्ये भिंतीवर जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्यांचा तक्ता लावला आहेस, मी पाहिलाय. छान छापलाय. त्यातली पहिलीच पायरी आहे, बदल आत्ताच का हवा हे माणसांच्या मनात पोचवणं. तू पहिली पायरी वगळून थेट अंमलबजावणीवर उडी मारलीस आणि पडलास, तर दोष जिन्याला देतोस?

त्याहून जुनी एक गोष्ट सांगते, ती लक्षात ठेव. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाच्या गावात हारवूड कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरायचं, तक्रारी वाढायच्या, माणसं काम सोडून जायची. मालकांना वाटायचं, बायका नवं शिकायला तयार नाहीत. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे प्रयोग केला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला बोलावून नुसतं सांगितलं, उद्यापासून असं, दर असे. त्या गटातली १७ टक्के माणसं पहिल्या ४० दिवसांत काम सोडून गेली, उरलेल्यांचं उत्पादन पहिल्या पातळीवर आलंच नाही. दुसऱ्या गटांत सगळ्यांना बसवलं, खर्च का वाचवायला हवा ते दाखवलं, नवी पद्धत आणि नवे दर ठरवण्यात त्यांनाच घेतलं. त्यांच्यातलं कुणीही काम सोडलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. कारखाना तोच, काम तेच, बायकाही तशाच. बदललं होतं ते साहेबांचं वागणं. हे छापून आलं त्याला पाऊण शतक उलटून गेलं. वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंतच्या ऑफिसांत तरीही आज तेच वाक्य ऐकू येतं, 'आमच्या लोकांना बदल नको असतो.' लाज वाटली पाहिजे, शिकल्या-सवरलेल्यांना.

तू काकांना एकदा विचारलं असतंस, तर त्यांनी तुला तिथल्या तिथे सांगितलं असतं. मला सांगितलं त्यांनी, चालता चालता, फडके रोडवर. म्हणाले, बाई, ओटीपी कशाला? रक्कम टाकली की ठेवीदाराला नुसता संदेश जाऊ दे, मुलगा रात्री घरी येऊन बघेल, चूक असली तर दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन सांगेल. आणि ज्याच्याकडे मोबाइलच नाही त्याला एक छोटी छापील पावती, यंत्रातून. बसच्या कंडक्टरकडे असतं ना तसं यंत्र. म्हणजे तुला हवी ती पडताळणीही झाली आणि मावशीचं गिऱ्हाईकही गेलं नाही. यात काय अडचणी आहेत ते तुझ्या संगणकवाल्यांना विचार, असतीलही. पण हा विचार ज्याने केला त्या माणसाला तू छापील कागदावर बदलविरोधी ठरवलंस.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. माहीत नसेल असं मी धरून चालते, कारण माहीत असूनही तू गप्प बसला असशील तर आपलं बोलणं इथेच संपलं. तुझ्या अ‍ॅपमध्ये त्याच संध्याकाळी ओटीपी आलेल्या नोंदींवरच प्रतिनिधीचं कमिशन धरलं जातं. रात्री भरलेल्या नोंदी 'प्रलंबित' म्हणून बाजूला पडतात. ठेवीदाराचे पैसे जमा होतात, प्रतिनिधीचं कमिशन होत नाही. गेल्या तीन महिन्यांपासून काकांच्या हातात निम्म्याहून कमी पैसे येतात. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं. ते तक्रार करायला आले नाहीत, कारण तक्रार करणाऱ्याला तुझ्याकडे काय म्हणतात ते त्यांना कळून चुकलं आहे.

तर येत्या सोमवारी सगळ्या प्रतिनिधींना बोलाव. केबिनमध्ये नको, खालच्या हॉलमध्ये, आणि त्यांच्या वसुलीच्या वेळेत नको, दुपारी तीनला. काउंटरवरच्या बाईंनाही बसव. प्रोजेक्टर लावू नकोस. कार्ड बंद करायचं कारण तू स्वतः उभा राहून सांग आणि मग त्यांचं ऐकून लिहून घे, तुझ्या हाताने. पण प्रलंबित पडलेलं तीन महिन्यांचं कमिशन शुक्रवारपर्यंत प्रत्येकाच्या खात्यात जमा झालेलं असलं पाहिजे. ते झालं नसेल, तर बैठक घेऊ नकोस.